हातातलं कसब, मनातली श्रद्धा आणि परका देश

नांदेडहून हैदराबादकडे जाणारी गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करत बासरची सरस्वती मागे टाकते, गोदावरी ओलांडते आणि निजामाबादनंतर डिचपल्ली नावाच्या लहानशा स्टेशनावरून पुढे जाते. या मार्गाने मराठवाड्यातले हजारो लोक रोज प्रवास करतात, पण डिचपल्लीला काय घडलं ते फार थोड्यांना ठाऊक असतं. 1915 मध्ये इथे व्हिक्टोरिया कुष्ठरोग रुग्णालय उभं राहिलं. ते उभारणाऱ्या डॉ. इझाबेल केर या स्कॉटिश बाई. ॲबर्डीन विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतलेल्या या बाई मिशनरी नवऱ्याबरोबर 1907 मध्ये निजामाच्या राज्यात आल्या. तेव्हा नांदेड, लातूर, उदगीर सगळं त्याच राज्यात होतं. धर्माबादपुढे गोदावरी ओलांडली की निजामाबाद सुरू होतं, इतकं हे अंतर जवळचं.

कुष्ठरोग्याला गावकुसाबाहेर काढण्याचा तो काळ. केरबाईंना भीक मागणारे, बोटं झडलेले रुग्ण रस्त्यावर दिसले आणि त्यांनी आपलं शिक्षण त्या एका रोगाच्या मागे लावलं. कडू कवठीच्या बियांचं तेल पूर्वी पोटातून देत. त्याने रुग्णाला मळमळायचं आणि तो उपचार सोडून जायचा. तेच तेल इंजेक्शनने देण्याची पद्धत तेव्हा पुढे येत होती. डिचपल्लीत ती नेटाने वापरली गेली. रुग्णालयासाठी मोठी देणगी निजामाबादच्या नरसा गौड या हिंदू धनिकाने दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. पैसा देणाऱ्याचा धर्म एक, सुई टोचणाऱ्या हाताचा दुसरा, आणि खाटेवर निजलेल्याला दोन्हींची गरज. 1932 मध्ये केरबाई गेल्या. डिचपल्लीतच काम केलेले डॉ. जॉन लो पुढे कोलकात्याला आणि मग नायजेरियात गेले. डॅप्सोनची गोळी तोंडाने देऊन कुष्ठरोग आटोक्यात येतो, हे 1940 च्या दशकाच्या शेवटी तिथे दाखवून देणाऱ्यांत ते होते. स्वस्त गोळीने जगभरच्या लाखो रुग्णांचं आयुष्य बदललं, त्या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या शेजारच्या स्टेशनावर होता.

आपला व्यवसाय घेऊन परक्या देशात जायचं, पोट त्यावर भरायचं किंवा निदान ओळख त्यावर मिळवायची, आणि ते सारं प्रभूच्या सेवेत रुजू करायचं, ही ख्रिस्ती परंपरा जुनी आहे. संत पौल करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवायचा आणि त्याच गावात उपदेश करायचा, असं बायबलच्या नव्या करारात आहे. आजही अशा लोकांना जगभर ‘टेंटमेकर’ म्हणतात. भारतात या वाटेचा पहिला ठळक माणूस विल्यम केरी. इंग्लंडमध्ये चांभारकाम केलेला हा माणूस 1793 मध्ये बंगालात आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. केरीने माल्दा भागातल्या निळीच्या कारखान्याची व्यवस्थापकी पत्करली आणि त्या नोकरीच्या आडोशाने राहण्याची सोय झाली. पुढे 1801 मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात त्याला शिक्षकाची जागा मिळाली. तिथला बहुतेक पगार तो बंगालातल्याच श्रीरामपूरच्या मिशनच्या सामायिक पेटीत टाकत असे. महाराष्ट्रात पाऊलही न ठेवता त्याने नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने 1805 मध्ये मराठी व्याकरण छापलं, 1810 मध्ये मराठी कोश काढला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात हे टप्पे टाळता येत नाहीत.

केरीच्या गोष्टीतच या परंपरेची अडचणही आहे. नोकरी ही सेवा होती की परवाना? दोन्ही होती, असं मला वाटतं. पुढच्या दोनशे वर्षांत हा प्रश्न काही मिटला नाही.

महाराष्ट्रात 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका 1827 मध्ये आली आणि अखेरपर्यंत इथेच शिकवत राहिली. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण अहमदनगरला तिच्याकडे घेतलं. त्याच नगरात पुढे डी. सी. चर्चिल या इंजिनिअर मिशनऱ्याने हातमाग सुधारला. मिरजेला कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं आणि 1897 मध्ये तिथेच वैद्यकीय शाळा काढली. तिथे शिकलेली माणसं दूरदूर जाऊन दवाखाने चालवू लागली. वानलेस प्रचार लपवत नव्हते. येशूची गोष्ट दवाखान्यात उघडपणे सांगितली जाई. ती ऐकून बहुतेक लोक आपापल्या देवाला स्मरत घरी जात, आणि मोतीबिंदू काढून घ्यायला पुन्हा मिरजेलाच येत.

आता उलटी दिशा पाहू, कारण ती आपण विसरतो. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. मनात वैद्यकी शिकायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमलं नाही. त्याच वर्षी वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. परदेशात नोकरी करणारी, श्रद्धावान, विशीतली विधवा मराठी बाई! पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून सडेतोड उत्तरं दिली. माझा विवेक मी कुणाकडे गहाण ठेवलेला नाही, हा त्या उत्तरांचा सूर. त्यांच्या श्रद्धेविषयी कुणाचं काहीही मत असो, हा कणा विसरता येणार नाही. 1886 ते 1888 या काळात त्या अमेरिकेत फिरल्या, व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यातून बोस्टनला मदतमंडळ उभं राहिलं आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं.

शारदा सदन पुढे पुण्याला हललं. तिथे धर्माची सक्ती नव्हती. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात, काही ख्रिस्ती व्हायच्या विचारात आहेत, यावरून पुण्यात वादळ उठलं. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मला दोन्ही बाजू समजतात. रमाबाईंनी आपली प्रार्थना दार लावून करावी, अशी अपेक्षा करणं अन्याय होता. आणि आधारासाठी आलेल्या बालविधवेचं मन आपल्या आश्रयदात्रीकडे झुकणारच, हे रानड्यांना दिसत होतं. ते काही दुष्ट नव्हते. पुढे रमाबाईंची मुलगी मनोरमा, जी स्वतः अमेरिकेत शिकून आली होती, तिच्या देखरेखीखाली गुलबर्ग्याला मुलींची शाळा निघाली. निजामाच्या राज्यातल्या मागास मुलुखात, आपल्या लातूरच्या दक्षिणेला, मुलींच्या शाळेची ही धडपड एका मराठी बाईने केली. मराठवाड्याच्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात तिच्या नावाला एक ओळ तरी हवी.

महात्मा गांधींनी 1931 मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलं की, इस्पितळं आणि शाळा धर्मांतरासाठी वापरायच्या असतील तर मिशनऱ्यांनी निघून जाणं बरं. स्वातंत्र्यानंतर नागपूर ज्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्या राज्याने न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. 1956 मध्ये आलेला तिचा अहवाल परदेशी मिशनऱ्यांविषयी कठोर होता. आज भारतात मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा आहे. नोकरीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर येऊन धर्मप्रचार केला तर तो अटींचा भंग ठरतो. मी या नियमाच्या बाजूने आहे. आपल्या भूमीवर आपण पाहुण्याकडून प्रामाणिकपणा मागतो, तर आपल्या मुलांनीही परक्या भूमीवर तेवढाच द्यावा.

श्रद्धा घेऊन परक्या देशात काम करण्याची किंमत जगात इतरत्र फार भयंकर मोजली गेली आहे. काबूलमध्ये 1951 पासून इंग्रजी शिकवणारे क्रिस्टी विल्सन यांना 1973 मध्ये देश सोडावा लागला आणि तिथलं चर्च पाडलं गेलं. ऑगस्ट 2010 मध्ये डोळ्यांचं शिबिर आटोपून परतणारे टॉम लिटल आणि त्यांचे नऊ सहकारी बदख्शान प्रांतात मारले गेले. लिटल तीसहून अधिक वर्षं अफगाणांचे डोळे तपासत होते. ते धर्मप्रचार करत होते, असं तालिबानने म्हटलं. त्यांच्या संस्थेने साफ नाकारलं. मला त्या म्हाताऱ्या बायकांचा विचार येतो, ज्यांचं अंधारलेलं जग त्या शिबिरात उजळलं असेल.

आता आपल्या घरचं. लातूर पॅटर्न म्हणून शाहू आणि दयानंद महाविद्यालयांचं नाव राज्यभर झालं, नांदेडही मेडिकलच्या तयारीचं मोठं गाव बनलं. दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. इथून निघालेली मुलं इंग्लंडला, आखातात, कुठे कुठे जातात. त्यांत ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुली नर्सिंग शिकून जातात, आणि आपलं काम हीच आपली साक्ष असं मानणाऱ्याही त्यांत असतात. आखातात याचा एक चांगला जुना नमुना आहे: सॅम्युअल झ्वेमर यांनी 1893 मध्ये बहारीनला सुरू केलेल्या कामातून अमेरिकन मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि ते आजही चालतं. मुस्लिम राज्यात, उघड ख्रिस्ती नावाने, शंभर वर्षांहून जास्त. नाव लपवलं नाही आणि रुग्ण उपचारांसाठी येत राहिले.

पण सगळीकडे बहारीनसारखं नसतं. सौदी अरेबियात सार्वजनिक चर्चला परवानगी नाही. बहारीन, कुवेत, दुबईत ठरलेल्या जागी उपासना चालते, मुसलमानांना धर्मोपदेश मात्र चालत नाही. तिथे जाणाऱ्या मुलीला हे माहीत असायला हवं. आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून, तो हतबल असताना, त्याच्या श्रद्धेला हात घालणं मला कधीच पटलेलं नाही, मग ती मुलगी कोणत्याही धर्माची असो. त्याने विचारलं, तर मात्र तिने आपण कोण आहोत ते सरळ सांगावं. एवढं स्वातंत्र्य तिचं आहे.

परदेशी जाणाऱ्या मुली इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतात, करारपत्रावर सही करतात. नांदेड-लातूरच्या नर्सिंग महाविद्यालयांना त्या तयारीत आणखी थोडं घालता येईल: त्या देशाचा धर्मविषयक कायदा, कामगाराचे हक्क, पासपोर्ट मालकाकडे न देण्याचा सल्ला, भारतीय दूतावासाचा संपर्क. इथल्या पाद्रींनीही निरोप समारंभात आशीर्वादाबरोबर याच गोष्टी बोलाव्यात. मुलगी रियाधला उतरते तेव्हा तिला या माहितीची गरज पहिल्या आठवड्यातच पडते.