जलविहार आणि बिनतारी शिस्त

समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या शिरूर-दौंडच्या वाचकांपुढे सागरी बिनतारी संचाचा विषय काढणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. हे तालुके अवर्षणासाठी प्रसिद्ध. नौकानयनाशी त्यांचा संबंध काय? परंतु भूगोल पालटला आहे. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड नदीवर धरण झाले. रांजणगाव सांडसजवळ मुळामुठेला घेऊन पुढे जाणारी भीमा १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने अडविली आणि सुमारे ११७ अब्ज घनफुटांच्या त्या जलाशयाचा फुगवटा दौंड तालुक्यातील खानोटा-राजेगावपर्यंत पोचला. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी भिगवण परिसरात होड्या भरभरून माणसे जातात. मे महिन्यात हीच कुटुंबे मालवण-तारकर्लीची वाट धरतात. तेव्हा पाण्यावरील सुट्टी ही आता आपलीही गोष्ट झाली आहे. तिची शिस्त मात्र आपण अद्याप आत्मसात केलेली नाही.

या उणिवेची किंमत लहान नाही. ३० एप्रिल २०१७ रोजी उजनीच्या पाण्यात सहलीला गेलेल्या डॉक्टरांची होडी उलटली आणि चौघांना जलसमाधी मिळाली. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात बुडाली. तीत सातजण होते. एक पोलिस अधिकारी पोहून काठाला लागले, बाकीचे सहाजण गेले. पाण्यात पडलेल्या माणसाची हाक काठावर पोचविण्यास अशा वेळी पोहणाऱ्याच्या हातांखेरीज साधन नसावे, ही गोष्ट मनाला अस्वस्थ करणारी आहे.

मोबाइल खिशात असताना बिनतारी संचाचा उपद्व्याप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. मोबाइलची हाक एकाच माणसाला जाते, आणि तीही मनोऱ्याशी संपर्क असेल तर. बिनतारी संचाची हाक मात्र त्या वाहिनीवर कान ठेवून असलेल्या प्रत्येकाला एकाच वेळी ऐकू जाते. जवळून जाणारी अनोळखी होडीही धावून येऊ शकते. समुद्रावरील हातातला संच साधारण पाच वॉट शक्तीचा असतो. त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, म्हणून टेकडीच्या आड त्या दुबळ्या पडतात. त्याचा पल्ला काही किलोमीटरांचाच. पण संकटात बहुधा तेवढाच उपयोगी पडतो.

तथापि यंत्र विकत घेतल्याने सुरक्षितता विकत मिळत नाही. समुद्रावर १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही हाक देण्यासाठी आणि संकटासाठी राखून ठेवलेली असते. तीवर दुसऱ्या नौकेला बोलवावे आणि लगेच दुसऱ्या वाहिनीवर जाऊन संभाषण करावे, असा नियम आहे. बोलण्यापूर्वी ऐकावे, कोणी बोलत असल्यास थांबावे. कळ दाबून क्षणभर थांबावे, प्रथम ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग आपले नाव सांगावे. ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले. चित्रपटांतून ही दोन्ही जोडून म्हणतात, ते निरर्थक आहे. प्राणांवर बेतले असेल तरच ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारावा आणि नौकेचे नाव, ठिकाण, काय घडले, माणसे किती, कोणती मदत हवी, हे क्रमाने सांगावे. मदतीची हाक ऐकणाऱ्याने गप्प राहावे, ठिकाण व वेळ लिहून घ्यावी, आणि कोणीच उत्तर देत नसेल तर स्वतः द्यावे. थट्टेखातर अशी हाक देणे हा पोरखेळ नसून अपराध आहे.

हे नियम जगाला फार महाग पडले आहेत. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजाच्या बिनतारी चालकाने ‘टायटॅनिक’ला बर्फाची वार्ता दिली, तेव्हा उतारूंचे संदेश पाठविण्यात गुंतलेल्या टायटॅनिकच्या चालकाने त्याला गप्प बसविले. त्याने थोड्या वेळाने यंत्र बंद केले आणि तो झोपी गेला. पुढे दहाएक मिनिटांतच टक्कर झाली. त्यानंतर जहाजांवर अहोरात्र कान ठेवण्याचा आग्रह आला. पुढे दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे सर्वांनी मौन पाळून केवळ ऐकावे अशी प्रथा पडली. बिनतारी खोलीतील घड्याळावर ती मिनिटे लाल रंगाने दाखविलेली असत. १९९९ साली नवी स्वयंचलित पद्धत पूर्णपणे लागू होईपर्यंत हे मौन पाळले गेले.

आपल्या जलाशयांवर हे यंत्र जसेच्या तसे आणून भागणार नाही. सागरी वाहिन्या समुद्रासाठी आहेत, आणि असे संच बाळगण्यास केंद्र सरकारचा परवाना लागतो. बाजारात मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. मात्र ४४६ मेगाहर्ट्झजवळच्या ठरावीक पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. ग्रामपंचायत आणि होडीवाले यांनी एक वाहिनी ठरवावी, प्रत्येक होडीत एक संच व सर्वांना पुरतील एवढी जीवरक्षक जाकिटे ठेवावीत, निघणाऱ्या माणसांची नोंद करावी, आणि काठावर सतत ऐकणारा एक माणूस बसवावा. हा शेवटचा खर्च सर्वांत महत्त्वाचा. पण बचत करताना प्रथम त्यावरच कात्री चालण्याची भीती आहे.

दौंडकरांना ही शिस्त नवी नाही. पुढच्या स्थानकाने ‘लाइन क्लीअर’ दिल्यावाचून गाडी सोडू नये, हे रेल्वेच्या गावाला समजावून सांगावे लागत नाही. तेथे निघणाऱ्याइतकीच पुढे बसून उत्तर देणाऱ्याची जबाबदारी मानलेली आहे. पाण्यावरही तेच मानावयाचे आहे. येत्या हंगामात होडीत पाय ठेवण्यापूर्वी प्रत्येक सहल काढणाऱ्या शिक्षकाने आणि कुटुंबप्रमुखाने नावाड्याला एवढेच विचारावे, “दादा, काठावर ऐकायला कोण आहे?” उत्तर मिळाले नाही, तर पक्षी काठावरूनच पाहावेत.