दोन हिमायतनगरं आणि तीन तोंडांचा कुत्रा

हिमायतनगर दोन. एक हैदराबादेतलं, लिबर्टी चौकाजवळचं. दुसरं नांदेड जिल्ह्यात, जुनी मंडळी ज्याला अजून वाढोणा म्हणतात ते. नुसत्या नावावर पार्सल भलतीकडे जाऊ शकतं. नेटवर्कवर ओळख पटवणाऱ्या ‘कर्बेरॉस’ला असला घोळ खपत नाही. तिथे प्रत्येक नावापुढे त्याचं ‘रेल्म’ हवंच, म्हणजे कुठला तू, तेही सांग!

हैदराबादच्या हिमायतनगरात एखाद्या ऑफिसच्या विंडोज डोमेनवर सकाळी पासवर्ड टाकला, की पडद्याआड बहुधा हेच कर्बेरॉस कामाला लागतं. विंडोज 2000 पासूनचा हा रिवाज. पासवर्ड तारेवरून जातच नाही. मिळतं ते मुदतीचं तिकीट. मात्र कॉम्प्युटरचं घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं, तर पासवर्ड बरोबर असूनही सहसा प्रवेश बंद. आपल्या लग्नाच्या मुहूर्तांना हा नियम लावला तर निम्मी वरात दाराबाहेरच राहील.

कर्बेरॉसचा जन्म अमेरिकेत, एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट अथेना’त. नाव ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राखणदार कुत्र्याचं. रचना समजावून सांगायला 1988 मध्ये बिल ब्रायंट यांनी चक्क चार प्रवेशांचं नाटुकलं लिहिलं. पात्रं अथेना आणि युरिपिडीस. नाटकवेड्या मराठी माणसाने याची नोंद घ्यावी.

खरी धमाल पुढे आहे. त्या काळी अमेरिकेतून एन्क्रिप्शनचा कोड बाहेर न्यायला शस्त्रास्त्रांसारखी परवानगी लागे. म्हणून कर्बेरॉसमधून एन्क्रिप्शन काढून उरलेला सांगाडा बाहेर दिला गेला. त्याचं नाव ‘बोन्स’, हाडं! ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी त्या हाडांवर पुन्हा मांस चढवलं. तोच वारसा घेऊन स्वीडनच्या मंडळींनी पुढे कर्बेरॉसची पाचवी आवृत्ती स्वतः लिहिली आणि तिला नॉर्डिक द्वारपाल देवाचं नाव दिलं: ‘हाइमडाल’. ती फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ कोडमध्ये जाऊन बसली आणि 2012 च्या सुमाराची आवृत्ती तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहिली. डिसेंबर 2025 च्या फ्रीबीएसडी 15.0 मध्ये तिच्या जागी अखेर एमआयटीचं कर्बेरॉस आलं. ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टिमवाल्यांनी तर 2014 मध्येच कर्बेरॉस मुळासकट काढून टाकलं. नवं जोडण्यापेक्षा जुनं काढायला जास्त छाती लागते, असं माझं मत.

जुना कोड तसाच राहिला की काय होतं? 2017 मध्ये हाइमडालमध्ये आणि विंडोजमध्येही एक भोक सापडलं. सेवेचं नाव सीलबंद भागातून वाचायला हवं होतं, ते उघड्या भागातून वाचलं जात होतं. चूक तब्बल 21 वर्षांची! तिचं बारसं ‘ऑर्फियसची वीणा’ असं झालं, कारण पुराणात त्या कुत्र्याला ऑर्फियसनेच संगीताने झोपवलं होतं.

 

आणि लॉगिनच्या राखणीचाच आणखी एक किस्सा, 2024 चा. दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड खोदत गेले, तर ‘एक्सझेड’ लायब्ररीत लपवलेला चोरदरवाजा सापडला. ते कामाला पोस्टग्रेस डेटाबेसवर. लॉगिनची राखण हे त्यांचं खातंच नव्हतं.