बॅलास्ट टाकीतला गाळ: नमुना नेमका कुठला घ्यायचा?

पीएचडीसाठी विषय शोधताय आणि जहाजांची आवड आहे? मग एकदा बॅलास्ट टाकीच्या तळाकडे बघा.

जहाज रिकामं असलं की तोल राखायला टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात आणि माल चढवताना ते सोडून देतात. बंदरातलं पाणी गढूळ, त्यामुळे गाळही आत येतो. आता हिशोब करा. १० मायक्रॉनचा कण स्टोक्सच्या सूत्राप्रमाणे संथ पाण्यात दिवसाला साधारण ७ मीटर खाली जातो. व्यास निम्मा केला की वेग पाव होतो. जहाज हलतं, पाणी डुचमळतं, हे खरं. तरी दोन आठवड्यांच्या प्रवासात बराचसा गाळ तळाला बसतो. पंप चालू केला की पाइपच्या तोंडाजवळचा तेवढा निघतो, पोलादी पट्ट्यांच्या कोपऱ्यांतला तिथंच राहतो. १००० चौरस मीटरवर १ सेंटिमीटर थर म्हणजे १० घनमीटर चिखल. तेवढं वजन जहाज उगाच वाहत राहतं.

वजनाचं एक वेळ चालेल. खरी भीती त्यात झोपलेल्या जिवांची. काही विषारी सूक्ष्म शैवालं कठीण कवचाचे बीजकोश करून गाळात टिकतात. ऑस्ट्रेलियात हॅलेग्रेफ आणि बोल्च यांनी ३४३ मालवाहू जहाजं तपासली (त्यांचा १९९२चा पेपर जरूर वाचा). ६५ टक्क्यांत लक्षणीय गाळ होता, आणि एकाच जहाजात विषारी शैवालाचे अंदाजे ३० कोटी जिवंत बीजकोश!

२००४चा आंतरराष्ट्रीय करार २०१७मध्ये लागू झाला. त्यानुसार सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे १०पेक्षा कमी हवेत. गाळ काढण्याचा नियमही करारात आहे, पण हा आकडा पाण्याचा आहे. म्हणजे पाण्याचा नमुना पास होऊनही कोपऱ्यातला जुना चिखल तसाच असू शकतो. माझ्या मते संशोधनाला खरी जागा इथं आहे: गाळ कुठे साठतो आणि कधी पुन्हा ढवळला जातो?

त्यासाठी नमुना घेताना फ्रेम नंबर, पाइपच्या तोंडापासूनचं अंतर आणि थराची जाडी लिहून ठेवा. नाहीतर माणसाला जिथं उभं राहता येतं तिथलाच चिखल 'टाकीचा चिखल' म्हणून पेपरात जातो.

आणि हो, आत एकट्यानं उतरायचं नाही. बंद टाकीत पोलाद गंजताना ऑक्सिजन खातं. वास येत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. आधी हवा खेळवायची, मग मीटरवर २०.९ टक्के बघायचं आणि तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा. आतला कोसळला तर त्यानं मदत बोलवायची, श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उतरायचं नाही.