धूर कुठी हाये?

“सेल्फ घेते, पन चालू होत नाही.” अमरावती-अकोला रस्त्यावरच्या गॅरेजांत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. वाक्य अजून तेच आहे. त्याचं उत्तर शोधायची जागा मात्र पार बदलली.

आमच्याकडे आधी मॅटाडोर आला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही गाडी इतकी रुळली की पुढे कुठल्याही लहान मालगाडीला लोक मॅटाडोरच म्हणू लागले. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००० मध्ये बोलेरो आणि नंतर तिची पिकअप, २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी. वरुड-मोर्शीची संत्री आणि दर्यापूर-अकोटचा कापूस या गाड्यांनीच वाहिला. गाड्या वेगवेगळ्या, पण डिझेल देण्याची रीत बराच काळ एकच होती. इंजिनाच्या बळावर फिरणारा पंप, त्यातून निघालेल्या पोलादी नळ्या आणि टोकाला नोझल. सगळा कारभार लोखंडाचा, म्हणून बिघाडही पान्याला सापडायचा.

२००८ चा एप्रिल. घरच्या जुन्या पिकअपमध्ये मृगाची संत्री भरून वडील आणि मी अकोल्याला निघालो होतो. लोणीला चहासाठी थांबलो. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर सेल्फ झकास फिरतो, इंजिन काही पकडत नाही. डोक्यावर ऊन, मागे नाशवंत माल. मी चावी धरूनच बसलो होतो. बॅटरी मरेस्तोवर सेल्फ मारला असता, तेवढ्यात वडिलांनी हात धरला.

मूर्तिजापूरहून मिस्त्री मोटरसायकलवर आले. पिशवीत दहा आणि सतराचा पाना, पक्कड आणि वायर जोडलेला एक बल्ब. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. मला सेल्फ मारायला लावून ते मागे सायलेन्सरपाशी उकिडवे बसले. “धूर कुठी हाये, काका? धूर नाही त डिझल नाही.”

निदानाची ती पहिली पायरी मी तिथे शिकलो. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पण जळत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग पाहायचं. परतवाड्याकडच्या थंडीतल्या सकाळी बहुतेक तक्रारी याच असतात. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही.

मग बॉनेट उघडून त्यांनी पंपावरच्या सोलेनॉइडला बल्ब लावला. पेटला, म्हणजे करंट येतोय. हातपंप दाबून एअर काढली, नळीत बुडबुडा नव्हता. सतराच्या पान्यानं नोझलच्या नळीचा नट ढिला करून पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. डिझेलनं उसळी घ्यायला हवी होती, ते नुसतं पाझरलं. त्यांनी पंपाला हात लावून झटकन मागे घेतला, एक पोतं भिजवून पंपावर टाकलं आणि ‘बसा सावलीत’ म्हणाले. वीस मिनिटांनी गाडी एका दमात चालू झाली.

कारण साधं होतं. पंपाचं हेड झिजलेलं. थंड डिझेल जाडसर असतं, तेव्हा झिजेतून फारसं निसटत नाही. तापलं की पातळ होतं, आणि सेल्फच्या संथ फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाबच चढत नाही. पोतं टाकलं की पंप निवतो. अकोल्याचा मे पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे हा रोग आमच्याकडे उन्हाळ्यातच डोकं वर काढायचा. पुढे अकोल्यात पंप खोलून हेड बदललं, टेस्ट बेंचवर लावून पंप कॅलिब्रेट केला, तेव्हा पोत्याची गरज संपली.

दुसरा नेहमीचा आजार एअर घेण्याचा. खड्ड्यांच्या दणक्यानं नळीचा वॉशर ढिला व्हायचा, आणि जुना रस्ता खड्ड्यांचाच होता. याच अमरावती-अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन गिनीज विक्रम झाला. जुना रस्ता ज्यांनी भोगला, त्यांना या आकड्याचं मोल कळेल.

पण रस्त्याआधीच इंजिन बदललं होतं. बीएस-४ चे नियम मोठ्या शहरांत २०१० पासून, सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले, आणि कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देण्याची रीत, गावोगाव पोचली. आता पंप फक्त दाब देतो. डिझेल कधी आणि किती सोडायचं ते कंप्युटर ठरवतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर आधी क्रँक सेन्सरचा संशय घ्यायचा. काटा हलतो, पण स्कॅनरवर रेलचा दाब साधारण दोनशे बारच्या वर जात नाही, तर फिल्टर, पंप किंवा परतीच्या नळीतून डिझेल सोडणारा इंजेक्टर. हा चोर पकडायला प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावतात. ज्याची बाटली लवकर भरते तो गळका. पावसाळ्यात गोदामाशेजारी उभ्या गाडीची वायर उंदरानं कुरतडलेली असते. कधी इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली असते, आणि सेल्फ फिरताना कंप्युटरला पुरेसे व्होल्टच मिळत नाहीत.

स्कॅनरनं जुनी विद्या मोडीत निघाली, हे मला पटत नाही. स्कॅनर दाब कमी असल्याचं सांगतो, तो का कमी आहे हे माणसालाच शोधावं लागतं. ज्यानं पूर्वी धूर पाहिला, त्याला बाटलीची युक्ती लगेच समजते. गाड्या मात्र अजून दोन्ही जातींच्या धावताहेत, आणि हात जुन्या सवयीनं सतराच्या पान्याकडे जातो. इथेच मला भीती वाटते. जुन्या पंपावर ढिला केलेला नट फार तर हात आणि कपडे भिजवायचा. कॉमन रेलमध्ये इंजिन पकडताच दाब चढतो, पुढे हजार बार ओलांडतो, आणि सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. बाहेर नुसता टाचणीचा ठिपका दिसतो, आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर दुखण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो.

म्हणून गाडीमालकांना, चालकांना आणि नव्या फिटर पोरांना विनंती आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका. आधी धूर पाहा, मग काटा. आणि कॉमन रेलच्या नळीला सेल्फ मारताना पाना लावू नका, दुसऱ्यालाही लावू देऊ नका.