बाळाला किती पांघरावे?



आपल्या निफाड तालुक्याची थंडी सर्वांना ठाऊक आहे. थंडी पडली की निफाडचा पारा वर्तमानपत्रात छापून येतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. अशाच थंडीत, डिसेंबर महिन्यात, माझ्या आत्याला मुलगी झाली. आत्या पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, म्हणजे माहेरी आली होती. बाळाला आम्ही छकुली म्हणतो. छकुलीमुळे मला एक धडा मिळाला. तो भित्तिपत्रकात लिही असे बाई म्हणाल्या, म्हणून लिहीत आहे.

झाले असे. एके दिवशी संध्याकाळी आत्या जेवायला बसली व मला छकुलीजवळ बसवले. छकुली झोपली होती. अंगात दोन झबली, डोक्याला कुंची, वर दोन दुपटी. मी तिचा हात हातात घेतला, तर बर्फावानी गार! मला वाटले, पोरीला थंडी वाजतेय. मी आजीची लोकरीची शाल आणली, तिच्यावर माझी गोधडी घातली आणि वारा लागू नये म्हणून तोंडापर्यंत ओढली. खोलीत शेगडी पेटलेली होतीच. आपण फार शहाणपणाचे काम केले असे मला वाटले.

आत्या हात धुऊन आली, गोधडी उचलली आणि ओरडलीच. छकुलीचे तोंड लालबुंद, मान घामाने ओली, श्वास भराभर चाललेला. ती रडतही नव्हती, नुसती मलूल पडली होती. आत्याने पांघरुणे बाजूला केली, कुंची सोडली आणि तिला दुसऱ्या खोलीत नेऊन पदराखाली घेतले. थोड्या वेळाने ती नीट दूध ओढू लागली, तेव्हा सर्वांच्या जिवात जीव आला. मला कोणी मारले नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

दोन दिवसांनी आशाताई आल्या. बाळ दवाखान्यात जन्मले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या घरी येऊन बाळ पाहतात. ही २८ व्या दिवसाची फेरी होती. मी त्यांना सर्व खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "हात पाहून ठरवलंस, तिथंच चुकलीस गं." मग त्यांनी जे समजावले ते मी वहीत उतरून घेतले. ते असे :

बाळाला जपावे का लागते?

आपल्याला थंडी वाजली तर आपण कुडकुडतो, चुलीपाशी जातो. उकडले तर चादर लाथेने सारतो. तान्ह्या बाळाला यांतले काहीच जमत नाही. त्याचे अंग लहान, कातडीखाली चरबी थोडी आणि शरीराच्या मानाने डोके मोठे. म्हणून ते लवकर गार पडते. आणि जास्त गुंडाळले तर लवकर तापतेही. बाळाच्या अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट असावे. यापेक्षा कमी वाईट आणि जास्तही वाईट.

कसे ओळखावे?

आपले हात आधी चोळून गरम करावेत. मग बाळाच्या पोटाला व तळपायाला हात लावावा.

१) पोट उबदार, तळपाय उबदार : बाळ ठीक आहे.
२) पोट उबदार, तळपाय गार : बाळ गारठू लागले आहे. एक कपडा वाढवावा किंवा आईने छातीशी घ्यावे.
३) पोटही गार, तळपायही गार : हा धोका आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन, ताबडतोब दवाखान्यात न्यावे.
४) मान घामेजलेली, अंग तापलेले, तोंड लाल : बाळाला उकडते आहे. कपडे कमी करावेत. थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. तरी अंग गरम राहिले तर तो ताप समजावा व दवाखाना गाठावा.

नुसत्या हाताच्या बोटांवरून काही ठरवू नये. तान्ह्या बाळाची बोटे बऱ्याचदा गारच असतात. मी नेमकी तिथेच फसले.

किती कपडे घालावेत?

आपण स्वतः अंगावर जेवढे थर घेतले आहेत, त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. थंडीत सुती झबले, त्यावर लोकरीचे, लंगोट, पायमोजे, टोपडे आणि दुपटे. मे महिन्यात एक पातळ सुती झबले व लंगोट पुष्कळ झाले. घरात झोपताना उन्हाळ्यात टोपडे काढून ठेवावे. गोधडी हा एक थर धरू नये, कारण तिच्यातच चार लुगड्यांचे थर असतात! ओला लंगोट लगेच बदलावा, नाहीतर चांगले गुंडाळलेले बाळही गार पडते.

झोपवताना काय पाहावे?

बाळाला उताणे झोपवावे. तोंड व नाक कायम उघडे असावे. दुपटे छातीपर्यंतच घालून बाजूंनी खोचावे. उशी किंवा जड पांघरूण जवळ ठेवू नये. कुंचीचा बंद गळ्याभोवती आवळू नये. आणि मुख्य म्हणजे बंद खोलीत शेगडी ठेवू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो झोपेतच जीव घेतो. बागेतली शेकोटी उघड्यावर असते, खोलीतली शेगडी तशी नसते.

सर्वांत चांगली ऊब आईच्या अंगाची. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात, कमी दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवण्यास सुरुवात झाली. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत ठेवते, म्हणून तिला 'कांगारू' पद्धत म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातही गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना शिकवले. त्यात बाळाला उबदार ठेवणे हेही होते. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आता आशाताई घरोघर फिरतात, ते त्याच वाटेने.

आजीला हे सर्व आधी पटले नाही. "आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत का?" असे ती म्हणाली. पण छकुलीची मान घामाने भिजलेली तिनेही पाहिली होती. दुसऱ्या दिवशी शेगडी ओसरीवर गेली, ती काही परत आली नाही. आता ऊन वाढू लागले आहे. छकुलीच्या अंगात एकच झबले असते, आणि पांघरूण घालण्याआधी आजी स्वतः तिच्या पोटाला हात लावून पाहते.

पालकांनो, तुमच्या घरी तान्हे बाळ असेल तर आज घरी गेल्यावर एवढे नक्की करा. आणि मित्रांनो, बाळाजवळ बसायची पाळी आली व काही समजले नाही, तर माझ्यासारखे स्वतःच ठरवू नका. मोठ्यांना हाक मारा.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी