सासूबाईंच्या ओव्या आणि लाल ठिपका

घरात आपण काय काय जपून ठेवतो! लग्नातला शालू डांबराच्या गोळ्या घालून ठेवतो, आजीच्या वेळची पितळी भांडी चिंच लावून लख्ख करतो, वडीलधाऱ्यांचे फोटो काचेत घालून भिंतीवर लावतो. पण ज्या आवाजाने आपल्याला हाका मारल्या, रागावले आणि समजावले, तो आवाज मात्र बहुतेक घरांत माणसाबरोबरच निघून जातो.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या वर्षी अगदी दाराशी येऊन उभा राहिला. सासूबाईंचे वय ८३. माहेर वाईजवळच्या एका खेड्यातले. लहानपणी पहाटे जात्याशी आईच्या शेजारी बसून त्या ओव्या शिकल्या. पुढे जाते गेले, गिरणी आली. पण ओव्या काही गेल्या नाहीत. भाजी निवडताना, वाती वळताना त्या आपल्याशीच म्हणत असत. अशातच त्यांच्या गळ्याला गाठ निघाली. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही. मात्र आवाजाची नस गाठीला लागूनच जाते. आवाजात थोडा फरक पडू शकतो." तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील बायकांच्या तोंडच्या लाखाहून अधिक ओव्या जमवण्याचे काम उभे केले, हे मी वाचले होते. त्या डोंगरापुढे आमचे काम म्हणजे खडाच. पण हा खडा आमच्या घरातला होता, आणि तो आम्हीच उचलायला हवा होता.

मुलगा म्हणाला, "आई, ऑडॅसिटी घेऊ या. फुकट आहे." डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली या प्रणालीचे काम सुरू केले आणि २००० साली ती सर्वांसाठी खुली झाली. घरातल्या संगणकाला साधा मायक्रोफोन जोडला की झाले आपले ध्वनिमुद्रण केंद्र!

पडद्यावरची बटणे पाहून मला जुनी ओळख निघाल्यासारखे वाटले. आपल्या कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवर होती तीच चिन्हे. हिरवा त्रिकोण म्हणजे वाजवा, दोन उभ्या रेघा म्हणजे जरा थांबा, चौकोन म्हणजे बंद करा आणि लाल ठिपका म्हणजे मुद्रण. एक त्रिकोण सुरुवातीला नेऊन सोडतो, दुसरा शेवटाला. हात माऊसकडे न्यायचीही गरज नाही. स्पेसची लांब पट्टी दाबली की वाजते, पुन्हा दाबली की बंद होते. 'आर' दाबला की मुद्रण सुरू आणि 'पी' दाबला की विसावा.

परंतु लाल ठिपक्याला हात लावण्याआधी एक काम करायचे असते. मायक्रोफोनच्या चित्राशेजारी एक पट्टी असते, तिच्यावर आवाजाची पातळी दिसते. मुद्रण न करताही ती चालू ठेवता येते. आवाज बेताचा असला की हिरवी, वाढला की पिवळी, फारच चढला की लाल. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज मागून शिवता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा स्वर उणे ६ च्या आसपास राहील, अशा बेताने मायक्रोफोनची पातळी ठेवावी. आम्ही सासूबाईंना सांगितले, "आई, तुमची सगळ्यांत चढी ओवी आधी म्हणा." पट्टी पाहून मुलाने पातळी थोडी उतरवली. मग पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि कुकरला त्या दिवशी सुट्टी दिली.

सासूबाई पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "अगं, हा लाल डोळा माझ्याकडं टक लावून बघत बसला तर मला आठवायचं कसं?" आम्ही पडदा दुसरीकडे वळवला आणि त्यांच्या पुढ्यात गवारीच्या शेंगा ठेवल्या. हाताला काम मिळाले आणि ओव्या आपसूक आल्या.

थांबण्याची दोन बटणे कशाला, असे मला आधी वाटत होते. त्यांचा फरक कामातच कळतो. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला की मुलगा 'पी' दाबी. तो लांब गेला की पुन्हा 'पी'. मुद्रण होते तिथूनच पुढे चालू होई. पण नुसत्या विसाव्यात काटछाट करता येत नाही. तिचे हुकूम फिके पडून बसतात. कात्री चालवायची तर चौकोन दाबून पुरते थांबावे लागते. पाहुणा घटकाभर टेकला आणि पाहुणा गावी गेला, यांत जो फरक तोच इथे.

पुरते थांबून पुन्हा 'आर' दाबला, तर नवा आवाज त्याच पट्ट्याच्या शेवटाला जोडला जातो. शिफ्टसह 'आर' दाबला, तर खाली वेगळा पट्टा तयार होतो आणि वरचा वाजत असतानाच त्यावर मुद्रण होते. माझ्या नणंदबाईंनी ही युक्ती पकडली. कानाला हेडफोन लावून आईचा आवाज ऐकत त्यांनी तीच ओवी आपल्या आवाजात म्हटली. हेडफोन मात्र हवेच. नाहीतर स्पीकरमधला जुना आवाज नव्या मुद्रणात शिरतो. मायलेकींचे दोन पट्टे वर-खाली पाहून माझे डोळे भरून आले.

आणखी एक सोय २०१८ पासून मिळाली आहे. म्हणणाऱ्याची ओळ चुकली तर चुकीच्या जरा आधी खूण ठेवायची आणि शिफ्टसह 'डी' दाबायचा. आधीची पाच सेकंदे ऐकू येतात, म्हणजे सूर सापडतो. मग खुणेपासून नवे मुद्रण सुरू होते. खुणेच्या पुढचे जुने जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

इथेच आमच्या घरात वाद झाला. एका ओवीत सासूबाई अडल्या, "थांब, थांब, पुढं काय बरं..." म्हणाल्या, खोकल्या, आणि आठवल्यावर खुदकन हसल्या. मुलगा म्हणाला, "एवढं काढून टाकतो, म्हणजे स्वच्छ होईल." हे म्हणाले, "काढू नकोस. ओवी पुस्तकातही मिळेल. आईचं हसू मिळणार नाही." अखेर दोन प्रती केल्या: पाहुण्यांसाठी स्वच्छ, घरासाठी सगळी.

जपणुकीबद्दलही दोन शब्द सांगते. प्रणालीची स्वतःची फाईल काटछाटीच्या सोयीसाठी असते. साध्या गाणी वाजवण्याच्या साधनावर ती चालत नाही. म्हणून मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात काढावी. एका मायक्रोफोनचे तासाभराचे मुद्रण सुमारे ३२० मेगाबाइट जागा घेते. नातेवाइकांना पाठवायला लहानशी 'एमपी३' प्रत पुरते. आणि एकच प्रत ठेवू नये. आमची एक घरी आहे, एक नणंदबाईंकडे नागपूरला.

तीन आठवड्यांत एकशे बारा ओव्या झाल्या. शस्त्रक्रिया नीट पार पडली. गाठ साधी निघाली, सासूबाई हिंडत्या-फिरत्या झाल्या. बोलणे पूर्वीसारखेच आहे, दटावणेही! चढा सूर मात्र आता लागत नाही. परवा मुद्रण ऐकताना त्या म्हणाल्या, "बाई गं, ही कोण एवढी वर चढतेय?" आणि पुढची ओवी खालच्या सुरात तिच्याबरोबर म्हणू लागल्या.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या निमित्ताने घरातली वडील मंडळी एकत्र येतील. कुणाला आरत्या येत असतील, कुणाला गावाकडच्या गोष्टी. कुणी नुसतेच अनारशांचे प्रमाण सांगेल. ताटे उचलली, की पंखा बंद करा, पातळी पाहून घ्या आणि लाल ठिपका दाबा. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख तेवढी त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.