दहा माणसांची प्रार्थना : कोकणातली सिनेगॉग

ज्यू धर्मात सार्वजनिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगाही त्यात धरतात. या दहांच्या जमण्याला ‘मिन्यान’ म्हणतात. दहा जण जमले की पडवीत, शेताच्या बांधावर, लष्करी तंबूत, कुठेही पूर्ण प्रार्थना होते. नऊच जमले तर मोठ्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातही, तोराह या धर्मग्रंथाचं जाहीर वाचन होत नाही आणि गेलेल्या माणसासाठी म्हणायची ‘कद्दिश’ही होत नाही. देवळात गुरव एकटा असला तरी देवाला फूल वाहिलं जातं. अग्यारीत मोबेद एकटाच अग्नीला सुखड देतो. सिनेगॉगचं तसं नाही. तिथे वास्तू दुय्यम आणि माणसं आधी. रायगड जिल्ह्यातल्या सिनेगॉगचा इतिहास आणि त्यांची आजची अडचण, दोन्हीची किल्ली या नियमात आहे.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असताना अलिबागजवळच्या नवगावपाशी जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हे नक्की केव्हा घडलं, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. बुडालेल्यांचं दफनस्थान म्हणून नवगावची दफनभूमी दाखवतात. वाचलेल्यांजवळ ना ग्रंथ उरला होता, ना धर्मगुरू. त्यांनी तेलघाण्याचा धंदा धरला, मराठी बोलू लागले आणि गावोगाव पसरले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर.

मला या इतिहासातला सर्वांत थक्क करणारा भाग वाटतो तो हा, की कित्येक शतकं या समाजाला प्रार्थनास्थळच नव्हतं. हिब्रूही विसरली होती. उरल्या होत्या त्या मोजक्या गोष्टी : शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, आणि देव एकच असल्याची ग्वाही देणारी ‘शमा’ ही प्रार्थना. जन्म असो, लग्न असो की मर्तिक, तीच म्हणायची. सणांची हिब्रू नावंही गेली, पण सण राहिले, आणि ते मराठी नावांनी राहिले. नववर्ष झालं ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा कडकडीत उपास झाला ‘दरफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. जेरुसलेमचं मंदिर पाडल्याचा शोक पाळण्याचा दिवस ‘बिरड्याचा’ झाला, कारण उपास सोडताना मोड आलेल्या वालांचं बिरडं खायचं. जेरुसलेमच्या मंदिराचं दुःख कोकणातल्या वालाच्या बिरड्यात टिकून राहिलं. धर्म टिकवायला इमारत किती लागते, या प्रश्नाचं याहून बोलकं उत्तर मला ठाऊक नाही.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी आला आणि त्याने या लोकांना ओळखलं, अशी दुसरी परंपरा आहे. ओळख पटवण्यासाठी त्याने बायकांपुढे मासे ठेवले आणि त्यांनी खवल्यांचे तेवढे निवडून बाजूला काढले, असं सांगतात. त्याने तीन घराण्यांतले तिघे शिकवून तयार केले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती घराणी. लग्न लावणं आणि तंटे मिटवणं त्यांच्याकडे आलं आणि समाज त्यांना ‘काजी’ म्हणू लागला. म्हणजे काजी होते, सण होते, दफनभूमी होती. सिनेगॉग मात्र अजूनही नव्हतं.

ते उभं राहिलं १७९६ साली, मुंबईत. बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले देशी अधिकारी होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते आणि त्यांचे भाऊ टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ सांगितलं. टिपूच्या आईला हे नाव कुराणातून ठाऊक होतं. त्यामुळे तिने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. कुराणाच्या सतराव्या सूऱ्याला ‘बनी इस्राईल’ असंही म्हणतात, हे मात्र पक्कं. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा नवस दिवेकरांनी केला होता आणि तो त्यांनी फेडला. मांडवीतल्या या सिनेगॉगचं नाव ‘शार हाराहमीम’, म्हणजे दयेचं द्वार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडल्याचं सांगतात आणि जवळच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव दिवेकरांचंच. तोराहच्या गुंडाळ्या आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. १८६० मध्ये हे सिनेगॉग आजच्या जागी आलं.

दिवेकरांचं उदाहरण एकट्याचं नव्हतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्राएल तरुण घाणा सोडून पलटणीत शिरत होते. जातीपातीच्या उतरंडीत तेली म्हणून खाली राहिलेल्या माणसाला फौजेत सुभेदार होता येत होतं. रोख पगार आला, पेन्शन आली. मुंबई, पुणे, ठाणे इथे वस्ती वाढली. कोचीनचे ज्यू शिक्षक येऊन हिब्रू पाठ आणि विधी शिकवू लागले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांना या लोकांना ख्रिस्ती करायचं होतं. घडलं उलटंच : हिब्रू आणि बायबलचा जुना करार हाती आल्यावर बेने इस्राएल अधिक जाणते ज्यू झाले.

मग कोकणात एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्यात १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९, पेणला १८६३, पोयनाडला १८६६ आणि ठाण्याला १८७९. ही यादी पुरी नाही. यातल्या बहुतेक वास्तू कारकून, हवालदार, सुतार, कंत्राटदार यांच्या वर्गणीतून झाल्या आहेत. म्हणूनच त्या मला सगळ्यांत जवळच्या वाटतात.

अलिबागच्या इस्रायल आळीतलं ‘मागेन आबोथ’ पाहा. १८४८ सालच्या वास्तूची १९१० मध्ये पुन्हा बांधणी झाली. आत मधोमध कठड्याचा उंच चौथरा, त्याला ‘तेवा’ म्हणतात. प्रार्थना चालवणारा ‘हज्जान’ त्यावर उभा राहतो आणि माणसं चहूबाजूंनी बाकांवर बसतात. पश्चिमेच्या भिंतीला पडद्याआड ‘हेखाल’, म्हणजे तोराह ठेवायचं कपाट. जेरुसलेम आपल्याकडून पश्चिमेला, म्हणून कपाटही त्या बाजूला. आपल्या मशिदींतल्या मिहराबीही पश्चिमेलाच असल्याने एकाच मोहल्ल्यातले दोन धर्मांचे लोक जवळपास एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. हेखालसमोर अखंड तेवणारा दिवा. छतापासून टांगलेल्या काचेच्या हंड्या, ज्यांत पूर्वी तेल घालत. बायकांना बसायला माडी. संदेष्टा एलियाहूसाठी राखलेली खुर्ची, जिच्याजवळ सुंतेच्या वेळी बाळाला आणतात. मूर्ती नाही, चित्र नाही.

कपाटातली तोराह म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली लांबलचक गुंडाळी. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरं असतात. एक अक्षर पुसलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही, आणि दुरुस्तीपलीकडे गेली तर माणसासारखी दफनभूमीत पुरतात. २००५ च्या जुलैमधल्या महापुरात पनवेलच्या ‘बेथ एल’मध्ये पाणी शिरलं आणि तोराहच्या गुंडाळ्या भिजल्या, तेव्हा त्या समाजावर काय गुदरलं असेल ते यावरून कळेल.

महाराष्ट्रातल्या ज्यू वास्तू म्हटलं की बहुतेकांना ससून आठवतात. बगदादहून आलेले डेव्हिड ससून हे मोठे व्यापारी. भायखळ्याचं घड्याळाच्या मनोऱ्याचं ‘मागेन डेव्हिड’ त्यांचं, आणि पुण्याच्या कॅम्पातलं, सगळे ज्याला लाल देऊळ म्हणतात ते ‘ओहेल डेव्हिड’ही त्यांच्याच देणगीतून झालं. १८६७ साली पुरं झालेलं हे लाल विटांचं सिनेगॉग दुरून चर्चसारखं दिसतं. ते पुरं होण्याआधी, १८६४ मध्ये, ससून वारले. त्यांची कबर त्याच आवारात आहे. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा, ससून रुग्णालयही त्यांनीच आखलं. काळा घोड्याजवळचं ‘केनेसेथ एलियाहू’ १८८४ चं. २०१९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा पूर्वीचा फिका निळा रंग जाऊन पांढरा आणि गडद निळा आला. या वास्तू सुंदर आहेत आणि त्यांची निगा राखली जाते, हे चांगलंच आहे.

पण बगदादी श्रीमंत आणि कोकणी तेली यांच्यात दरी होती, हेही सांगायलाच हवं. १८३६ साली बगदादी मंडळींनी मुंबईच्या सामाईक दफनभूमीत आपली थडगी वेगळी करणारी भिंत मागितली. एकाच देवाची प्रार्थना करणाऱ्यांना मेल्यावरही शेजार नको होता. म्हणून मला पोयनाडचं छोटं सिनेगॉग लाल देवळाइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्याच्यामागे कोणी धनिक नव्हता.

सिनेगॉग आली तरी या लोकांचा धर्म कोकणीच राहिला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या सणाच्या पोथीत, ‘हागादा’त, हिब्रूबरोबर मराठी अर्थ आहे आणि चित्रांतल्या बायका लुगड्यात आहेत. १८८० च्या सुमारास काही मंडळींनी कीर्तनं सुरू केली : अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, ओव्या-साक्यांतून, पेटी-झांजांच्या साथीवर. पंढरीच्या परंपरेतला हा घाट ज्यू धर्मात अन्यत्र सापडणार नाही. ‘मलिदा’ तर आजही होतो. लग्नाआधी, नवस फिटला की किंवा नवं घर घेतलं की ताटात भिजवलेले गोड पोहे, खोवलेलं ओलं खोबरं, बेदाणे-बदाम आणि भोवती फळं मांडतात. एलियाहू हन्नाबीच्या नावाने हिब्रू गाणी म्हणतात, एकेका फळावर आशीर्वाद म्हणतात आणि मग सगळ्यांना वाटतात. अलिबागजवळ खंडाळ्यात एका खडकावर खुणा आहेत. एलियाहूच्या रथाचा ‘टापा’ इथे उमटला, अशी श्रद्धा आहे. लोक तिथे मलिदा करायला येतात. छप्पर नाही, भिंत नाही, तरी ते पूर्ण प्रार्थनास्थळ आहे.

इस्राएल १९४८ साली स्थापन झालं. तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक तिकडे गेले. इकडे त्यांना कोणी हाकललं म्हणून नव्हे, तर तिकडची ओढ म्हणून. तिकडे स्वागत मात्र सरळ झालं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी करायचं ठरवलं, तेव्हा कोकणातून गेलेल्या या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं. १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं धर्मपीठाने मान्य केलं. अश्दोद, दिमोना, लोद या गावांत आज मराठी बोलणारी घरं आहेत, आणि तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

इकडे २०११ च्या जनगणनेत भारतभरचे ज्यू पाच हजारांच्या आत भरले. त्यातले निम्म्याच्या आसपास महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा उपयोग लग्नं नोंदवायला आणि संस्था चालवायला होतो. दहा माणसं कुठून आणायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. ठाण्यात समाज अजून बऱ्यापैकी आहे. खाली कोकणात मात्र शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला, नऊवर अडणं नवं नाही. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं येतात तेव्हा कपाट उघडतं. एरवी एखाद-दुसरं कुटुंब दिवाबत्ती आणि झाडलोट पाहतं. मुंबईत सिनेगॉगचं शेजाऱ्यांशी नातंही जवळचं आहे : भायखळ्याच्या सिनेगॉगच्या आवारातल्या ससून शाळेत आज बहुतेक विद्यार्थी मुस्लिम आहेत. पश्चिम आशियातल्या बातम्या वाचून ज्याला हे नवल वाटेल, त्याने एकदा त्या आवारात जाऊन यावं.

या वास्तू पुरातत्त्वाच्या नव्हे, तर आपल्या सामाजिक इतिहासाच्या नोंदवहीतून गळाल्या आहेत, ही माझी खरी तक्रार. अलिबाग-पेण परिसरातल्या ज्यू थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठी लेख आहेत. माणूस कोणत्या पलटणीत होता, कोणत्या खात्यात कारकून होता, कोणत्या गावचा, हे त्यावर कोरलेलं आहे. खारं वारं आणि पावसाळा ते अक्षर-अक्षर खात आहेत. किल्ल्यांवरचे शिलालेख टिपणारी आपली मंडळी भरपूर आहेत. त्यांनी एक मोसम या दफनभूमींना द्यावा. रायगडच्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांना हे काम सहज पेलेल : वाचा, फोटो काढा, तारीख-नाव उतरवून घ्या आणि एक प्रत समाजाच्या ट्रस्टकडे द्या. हे करायला हिब्रू यावं लागत नाही, देवनागरी येणं पुरे.

आणि पाहायला जाणार असाल तर आधी विचारून जा. सुरक्षेसाठी ओळखपत्र मागतात, ते जवळ ठेवा. पुरुषांनी डोकं झाकावं. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत कॅमेरा बाहेर काढू नका.